शहाण्णव चिंचोके

दोन आवाजांपैकी एक नखाएवढा मोठा असला, तरी माणूस त्यालाच चांगला म्हणतो. सासरी, सभेत आणि माइकच्या चाचणीतसुद्धा. बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत आवाज मोजण्यात घालवल्यावर माझ्या पदरात शहाणपण पडलं ते एवढंच. त्यामुळे अमृताचा फोन आला, "उल्काताई, दोन माइकमधला एक सिलेक्ट करायचाय, तुम्ही फक्त ऐकून सांगा ना," तेव्हा मी तिला फाडकन म्हटलं, ऐकून सांगायला मी काय ज्योतिषी आहे? चाचणी घ्यायची तर रीतसर घेऊ, नाहीतर चिठ्ठ्या टाक आणि मोकळी हो.

अमृता अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी संस्था चालवते. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचं ऑफिस आणि एक छोटा स्टुडिओ. तिच्याकडे चाळीस वाचक होते, बहुतेक गृहिणी आणि निवृत्त शिक्षक. प्रत्येकाच्या घरी एकेक चांगला माइक द्यायचा, म्हणजे त्यांना शिवाजीनगरच्या गर्दीत यायला नको, असा बेत होता. विश्वस्तांनी दोन माइक निवडून ठेवले होते. एक परदेशी, नावाजलेला. दुसरा हंबीररावांचा.

हंबीरराव म्हणजे आमचे अण्णा. मी पुण्याहून नोकरीला आले तेव्हा प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये ते टेक्निशियन होते. सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा, हे इंजिनियरिंगची पदवी घेऊन आलेल्या मला त्यांनी शिकवलं, तेही हसू दाबत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपासून बेंगळुरूत, मराठी निम्मी कानडी. "तुम्ही पुण्याचे लोक मराठी बोलता का भांडता, तेच कळत नाही," असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले आणि नंतर दर महिन्याला म्हणत राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत एक शेड घेऊन हातानं माइक बनवायला सुरुवात केली. सहा बायका तिथे कामाला होत्या. पण माइक खपत नव्हते, आणि त्यांचा मुलगा विराट याने बापाला स्पष्ट सांगितलं होतं की ही चाळीस माइकची ऑर्डर मिळाली तर शेड ठेवू, नाहीतर एक तारखेला शेड दुसऱ्याला जाईल. अण्णांनी मान डोलावली होती. पोराचं चुकीचं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

मी अमृताला म्हटलं, बाई गं, मी अण्णांचं माणूस आहे, दुसरं कोणी बघ. ती म्हणाली, "म्हणून तर तुम्ही. तुम्ही त्यांनाच जास्त छळाल." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग मी चाचणी अशी आखली की मला लबाडी करायची असली तरी करता येऊ नये. वाचणारं माणूस एक, वाचन एक. दोन्ही माइक एकमेकांना चिकटून, तोंडापासून वीतभर अंतरावर, निम्म्या उताऱ्यांनंतर त्यांच्या जागांची अदलाबदल. दोन्ही रेकॉर्डिंगांचा आवाज मोजून तंतोतंत सारखा करायचा, म्हणजे मोठा तो चांगला ही भानगड संपली. पहिलं कुठलं ऐकवायचं ते एकदाच नाणं उडवून ठरवायचं, आठही उताऱ्यांना तोच क्रम. ऐकणारे बारा विद्यार्थी, उतारे आठ, म्हणजे शहाण्णव मतं. मतासाठी प्रत्येकापुढे दोन पेले आणि हातात चिंचोके: पहिला आवाज आवडला तर डावीकडे टाक, दुसरा आवडला तर उजवीकडे. पण या मुलांचे कान इतके तयार, की शेजाऱ्याचा चिंचोका कुठल्या पेल्यात वाजला हे त्यांना सहज कळलं असतं, आणि मग सगळे एकाच्या मागे गेले असते. म्हणून मी चोवीसही पेल्यांच्या तळाशी जुन्या साडीचे तुकडे घातले. अमृता हसली. मी नाही हसले.

निकालाचा नियम आधी कागदावर लिहून पाकिटात बंद केला. ज्याला अठ्ठावन्न किंवा जास्त मतं, तो जिंकला. कोणालाच तेवढी नाहीत तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर इथला माइक घ्यायचा, कारण बिघडला तर दुरुस्तीला पीण्याला नेता येतो. म्हणजे अण्णांना हरवायला परदेशी माइकला अठ्ठावन्न चिंचोके लागणार होते.

वाचायला सोयराबाई. अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. तो जाऊन वीस वर्षं झाली, त्या अण्णांच्याच घरी राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, संस्थेच्या सगळ्यात जुन्या वाचक, मुलांना त्यांचा आवाज पाठ. दिराच्या माइकसाठी त्यांनी वाचणं बरं का, असं मला क्षणभर वाटलं. पण आवाज दोन्ही माइकमध्ये एकच शिरणार. त्यांनी मनात आणलं तरी एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी कसा देणार? मी ती शंका तिथेच सोडली.

ठरल्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "मी काचेपलीकडं नुसता बसतो गं. तोंड उघडणार नाही." पोराच्या परीक्षेला शाळेच्या फाटकाशी उभा राहणारा बाप असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी बसू दिलं.

"ह्यो माइक मी कसा बसवलाय ठाऊक आहे?" माझ्या शेजारी बसता बसता ते म्हणाले. "तीन वर्षं, दररोज संध्याकाळी. सोयरा देवापुढं पोथी वाचते, मी दारात माइक घेऊन बसतो. पहिल्यांदा अगदी मठ्ठ, दबलेलं यायचं. मग स्वल्प बदल केला, पुन्हा ऐकलं, पुन्हा बदल केला. अक्षर न् अक्षर स्वच्छ येईपर्यंत सोडलं नाही बघ."

"तोंड उघडणार नव्हतात ना?" मी म्हटलं.

काचेपलीकडे, आमच्या बरोबर समोर, सोयराबाईंनी वाचायला सुरुवात केली. डोक्यावर पदर, पुस्तक हातात तिरकं, मान डावीकडच्या भिंतीकडे वळलेली. मला दिसलं ते. उजेड तिकडून बरा येत असेल असं वाटलं. दोन्ही माइक एका जागी आहेत, वळल्या तरी दोघांनाही सारखंच, असा हिशेब मी डोक्यात केला आणि नजर पुन्हा आवाज मोजणाऱ्या काट्यांवर नेली. आठ उतारे झाले.

साडेअकराला मुलं बसली. खोलीत बसच्या हॉर्नचा आवाजसुद्धा येऊ नये म्हणून खिडक्या बंद. चिंचोके पडत राहिले, पण वाजला एकही नाही. साडेबाराला मी आणि अमृतानं मोजणी केली, दोनदा. चौसष्ट अण्णांचे. बत्तीस परदेशी माइकचे.

अमृतानं पाकीट फोडून नियम मोठ्यानं वाचला आणि अण्णांचा हात हातात घेतला. "काँग्रॅच्युलेशन्स, अण्णा! चारला ट्रस्टीजचा कॉल आहे, तेव्हा फॉर्मली सांगते." अण्णा कानडीत "सरी, सरी", बरं, बरं, एवढंच म्हणत राहिले आणि चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मला इतका आनंद झाला की मी खोलीभर उगाच पेले गोळा करत हिंडले. पीण्यातल्या त्या सहा बायकांना कधी एकदा फोन करते असं झालं होतं.

बसवंत म्हणून एक विशीतला मुलगा होता. त्यानं आपले पेले माझ्या हातात दिले आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, सोयराअक्का आज भिंतीशी का बोलत होत्या?"

"म्हणजे?"

"मी तिसरीपासून त्यांचं ऐकतोय. त्या नेहमी माझ्याशी बोलतात. आज तोंड दुसरीकडे होतं."

"कुठल्या माइकमध्ये?"

"दोन्हीत. पण एकात भिंतीशी बोलूनही शब्द नीट कळत होते. म्हणून चिंचोके तिकडे टाकले."

माझ्या हातातले पेले मी खाली ठेवले. त्या पोराला काही कळलं नव्हतं, त्यानं नुसतं विचारलं होतं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

सोयराबाई मागच्या गॅलरीत कॉफी पीत होत्या. मी सरळच विचारलं, "अक्का, वाचताना भिंतीकडे का वळला होतात?"

"काचेमागं थोरले बसलेले ना."

"मग?"

"मग काय? थोरले दीर आहेत." मलाच काही कळत नाही अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चौतीस वर्षं झाली लग्नाला. त्यांच्याकडं तोंड करून एक शब्द नाही बोलले. काही सांगायचं तर भिंतीला सांगते, ते ऐकतात. आमच्यात असंच आहे गं."

"अहो, तुम्ही शाळेत मुख्याध्यापकांशी भांडायचात!"

"मुख्याध्यापक काय माझे दीर होते?"

"आणि संध्याकाळची पोथी?"

"ते दारात येऊन बसतात. मग मी वळते." त्यांनी कॉफीचा लोटा खाली ठेवला. "का? काय चुकलं?"

काही नाही, म्हणून मी तिथून निघाले. चुकलं होतं माझं. माणूस तोंड वळवून बोललं की आवाजातली धार जाते, व्यंजनं बोथट होतात, हे मी प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. अण्णांनी तीन वर्षं तो बोथट आवाज ऐकला आणि तो स्वच्छ यावा म्हणून माइकला धार लावत गेले. त्यांचा माइक वळलेल्या तोंडासाठी बनला होता, आणि मी चाचणीही वळलेल्या तोंडावरच घेतली. दोघांना सारखी वागणूक दिली खरी, पण एकाला त्याच्याच अंगणात खेळवून. उद्या चाळीस वाचक चाळीस घरांत माइकसमोर सरळ बसून वाचणार, आणि त्यांच्या समोर काही दीर बसलेले नसणार.

हे फक्त मला माहीत होतं. गप्प बसले असते तर शेड राहिली असती, सहा बायकांची नोकरी राहिली असती, अण्णा रोज सकाळी पीण्याला गेले असते. कोणी मला विचारलंही नसतं. आणि ज्या मुलांनी आपले कान दिवसभरासाठी मला दिले होते, त्यांना पुढची दहा वर्षं मी काय ऐकायला लावलं असतं, तेही मला ठाऊक नव्हतं. कदाचित सरळ तोंडानंही अण्णाच जिंकले असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सव्वा वाजला होता. तीनला मुलांची बस निघणार होती.

खरं तर जायला हवं होतं अमृताकडे. मी गेले अण्णांकडे. निर्णय त्यांच्या गळ्यात घालायचा भ्याडपणा होता तो, मला तेव्हाही कळत होतं.

जिन्यात गाठून मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले.

"चौसष्ट, उल्का. तूच मोजलेस."

"हो."

"दोघांना सारखंच झालं का नाही? ती वळली तर दोघांना वळली."

"सारखं झालं, अण्णा. पण लोक असं वाचत नाहीत."

"मग आता काय? जिंकलेला घोडा पुन्हा पळवायचा?" त्यांचा आवाज चढला. खाली दुकानातल्या माणसानं वर पाहिलं. "एक तारखेला माझी शेड जाते, ठाऊक आहे ना तुला? ठाऊक असून सांगायला आलीस! तुला मी हातात सोल्डरिंग धरायला शिकवलं, आणि तू..."

"ओरडा," मी म्हटलं. "मला ओरडून घ्या. पण मला नाही झाकता येत."

ते पायरीवर बसले. मग हळूच विचारलं, "ती माझ्यामुळं वळते?"

"हो."

"घरी पण?"

"घरी पण."

अण्णा कामातला माणूस. पुढचं मला सांगावं लागलं नाही. ते बोटांवर काहीतरी मोजत होते, ओठ हलत होते. कुठला भाग केव्हा बदलला, कितीनं वरचे सूर चढवले, ते सगळं आठवत असणार. "मला वाटायचं, तिचा आवाजच मठ्ठ आहे," ते म्हणाले. "सकाळी बोलते तेव्हा पण. मला वाटायचं, बिचारीचा आवाजच तसा."

मग उठले, चपला घातल्या. "खाली चहाच्या गाड्यावर थांबतो. मी बिल्डिंगीत नाही असं तिला तू स्वतः सांग, नाहीतर तिला खरं वाटणार नाही. घे पुन्हा."

अमृता माझ्यावर भडकली, आणि भडकायलाच हवी होती. "आत्ता? चारला कॉल आहे, उल्काताई! मी ट्रस्टीजना काय सांगू, की आमच्या एक्स्पर्टला लंचनंतर आठवलं?"

"तेच सांग. चूक माझी आहे, नाव घालून सांग."

तिनं घड्याळ पाहिलं. मग मुलांना विचारायला गेली. मुलं तयार झाली. बसवंतनं तर टाळी वाजवली.

सोयराबाईंना काचेपलीकडची अण्णांची रिकामी खुर्ची मी हात धरून दाखवली. त्या आत जाऊन आपल्या जागी बसल्या, पदर खांद्यावर सरकला तो तसाच राहू दिला, आणि सरळ माइककडे बघून वाचायला लागल्या. कानाला हेडफोन लावून मी पहिलंच वाक्य ऐकलं. इतका भरीव, उबदार आवाज. परदेशी माइकमध्ये तो जसाच्या तसा येत होता. अण्णांच्या माइकमध्ये 'स' आणि 'श' सुईसारखे टोचत होते.

म्हणजे अण्णा जिंकणार नव्हते. आशा उरली ती बरोबरीची. मुलं पुन्हा बसली, पुन्हा आठ उतारे, पुन्हा आवाज न करता पडणारे चिंचोके. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात त्या पोरांना विनवत होते, थोडं चुका रे, थोडं तरी चुका. चाचणी घेणाऱ्या माणसाला असं वाटून घ्यायचा हक्क नाही. मला वाटलं खरं.

पावणेतीनला मोजायला बसलो. अमृता परदेशी माइकचे चिंचोके पाचापाचाच्या ढिगात लावत होती. पन्नास. पंचावन्न. दोन पेले उरले. पहिल्यातून दोन निघाले, सत्तावन्न. इथे थांबलं असतं तर बरोबरी होती. दुसऱ्या पेल्यात तिनं बोटं घातली आणि साडीच्या तुकड्याखाली अडकलेले दोन बाहेर काढले.

एकोणसाठ. आम्ही पुन्हा मोजले. एकोणसाठच.

अमृतानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला, आणि मग सॉरी म्हटलं. सोयराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टेबलावरच्या दोन ढिगांकडे पाहिलं, आणि माझ्याबरोबर जिना उतरल्या. उतरताना मी त्यांना वळण्याचं, पोथीचं, चाचणीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

अण्णा गाड्यापाशी उभे होते. चहाचा ग्लास हातात तसाच, वर साय धरलेली. मला बघून त्यांनी तो खाली ठेवला.

आणि मी, जिला लोक तोंडाळ म्हणतात, जिनं आयुष्यभर साहेबांना तोंडावर सुनावलं, ती मी बरळायला लागले. "अण्णा, तसं बघितलं तर फरक फार नाही हो... म्हणजे आकड्यांचं असं असतं, की बारा जणांत... आणि वरचे सूर जरा उतरवले तर माइकची बनावट उत्तमच आहे, त्यात काही..." ते माझ्याकडे बघत थांबले होते. मला पुढचं वाक्य येईना.

सोयराबाई माझ्या मागे, सवयीनं दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या. माझ्या पुढे आल्या, अण्णांपासून दोन हातांवर थांबल्या आणि मान वर केली. हात पदराकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तुमचा माइक हरला. एकोणसाठ मतं दुसऱ्याला पडली."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसेल असं सोयराबाईंना वाटलं. मला तसं वाटलं नाही. रस्त्यावर त्या वेळी आवाज बुडवायला एकही बस नव्हती.

"तुमचा माइक हरला, अण्णा," त्या पुन्हा म्हणाल्या, त्यांच्याकडे बघत, सावकाश, वर्गात सांगावं तसं. "शेड आता राहणार नाही."

"हं," अण्णा म्हणाले. "अजून बोल."